शिकणारे हात आणि दातांचं नवं यंत्र



आम्ही प्रभादेवीहून बोलतो आहोत. प्रभादेवी म्हटलं की तुमच्यापैकी बऱ्याच जणींना सिद्धिविनायक आठवेल, मंगळवारची रांग आठवेल. आम्ही राहतो ती चाळ देवळापासून चालत दहा-बारा मिनिटांवर आहे. आमच्या सासऱ्यांनी गिरणीत पाळ्या केल्या. आता गिरण्यांच्या जागी काचेच्या उंच इमारती उभ्या आहेत आणि त्यांच्या सावलीत आमची चाळ आहे. एकाच मजल्यावरच्या आम्ही सात जणींचा बचत गट आहे. गावाकडून कुणी उपचाराला मुंबईत आलं की आमच्यातल्याच कुणाच्या तरी खोलीत उतरतं. कुणाला केईएमला जायचं असतं, कुणाला टाटाला. जिच्याकडे पाहुणा उतरतो ती कामावर गेली, तर दुसरी सोबत जाते. असं करता करता मुंबईतली बरीच रुग्णालयं आम्हाला पाठ झाली आहेत.

आज आम्हाला दातांबद्दल बोलायचं आहे. नेमकं सांगायचं तर कवळीबद्दल, आणि कवळी बसवायला शिकणाऱ्या मुलामुलींबद्दल. तुम्ही म्हणाल, मुंबईच्या कॉलेजातली पोरं काय शिकतात याच्याशी आमचा काय संबंध? संबंध आहे. हीच पोरं उद्या तालुक्याच्या गावी दवाखाना घालतात, ग्रामीण रुग्णालयात येतात. आज त्यांच्या हाताला काय सवय लागते, त्यावर उद्या आपल्या तोंडात काय बसणार ते ठरतं.

आपल्याकडे म्हण आहे, दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. आमच्या मावशीचं तसंच झालं होतं. मावशी म्हणजे आमच्यातल्या एकीची मावससासू, राजापूरकडची. पण मजल्यावर सगळ्याच तिला मावशी म्हणतात. जन्मभर मिश्री लावली. दात हलायला लागले तसे एकेक करून काढले. मग बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला बसणाऱ्या एकाने अर्ध्या तासात वरचे चार दात ‘फिक्स’ करून दिले. तार गुंडाळली, गुलाबी मसाला लावला, पैसे घेतले. वर्षभर मावशी खूश होती. नंतर हिरडी सुजायला लागली, तोंडाला वास यायला लागला. ज्या दातांना तार बांधली होती तेही सैल झाले. शेवटी वरचा जबडा पूर्ण रिकामा झाला आणि खाली पुढचे सहा दात उरले. भाकरी आमटीत कुस्करून खायची, नातवंडाच्या लग्नात फोटोला तोंडावर पदर धरायचा. मग एकदा तुतारी एक्स्प्रेसने ती सकाळी दादरला उतरली आणि म्हणाली, “आता काय ते करा गो बायांनो.”

आम्ही तिला मुंबईतल्या एका दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात घेऊन गेलो. दंत महाविद्यालयात खर्च कमी येतो, कारण तिथे विद्यार्थी शिकतात आणि शिक्षक त्यांच्यावर देखरेख ठेवतात. खेपा मात्र जास्त होतात.

केसपेपर काढून, रांगेत बसून नंबर लागला तेव्हा समोर पांढऱ्या कोटातली आमच्या लेकीच्या वयाची मुलगी आली. ती इंटर्न होती. दातांच्या डॉक्टरची पदवी म्हणजे बी.डी.एस. त्याचा अभ्यास चार वर्षांचा, आणि त्यानंतर एक वर्ष रुग्णालयात काम करायचं. त्या वर्षातल्या मुलांना इंटर्न म्हणतात. त्यापुढे तीन वर्षं शिकून एम.डी.एस. होतात. कवळी, क्राऊन म्हणजे दाताची टोपी, आणि ब्रिज म्हणजे दोन दातांच्या आधाराने मधला दात बसवणं, या सगळ्याची वेगळी शाखा असते. तिला प्रॉस्थोडॉन्टिक्स म्हणतात. नाव अवघड असलं तरी काम एकच, गेलेल्या दातांची जागा भरून काढणं.

मावशी आमच्या कानात म्हणाली, “ही शिकाऊ दिसते गो. मोठा डॉक्टर नाय काय?” मुलीने ते ऐकलं. हसली आणि म्हणाली, “आजी, मोठे डॉक्टर प्रत्येक पायरी तपासतात आणि सही करतात. त्यांच्या सहीशिवाय मला पुढे जाताच येत नाही.”

तिने लगेच माप घेतलं नाही. छोटा आरसा घेऊन आधी मावशीचं सगळं तोंड पाहिलं. जीभ वर करायला लावली, गाल बाहेर ओढून आतून पाहिला. डाव्या गालाच्या आत, जिथे मावशी मिश्री दाबून ठेवायची, तिथे पांढरा चट्टा होता. पुसला तरी जात नव्हता. मुलीने हातातलं काम थांबवलं आणि शिक्षिकेला बोलावलं. त्यांनी पाहून सांगितलं की आधी याचा तुकडा काढून तपासायचा, कवळीचं नंतर बघू. त्या रात्री आमच्यापैकी कुणाला झोप लागली नाही. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो हे मुंबईत राहून आम्हाला चांगलं माहीत आहे. तपासणीचा निकाल आला, कर्करोग नव्हता. पण डॉक्टरांनी बजावलं की मिश्री सुटली नाही तर तो पुढे होऊ शकतो, आणि चट्टा दर काही महिन्यांनी दाखवत राहायचा. मावशीने डबी आमच्या खिडकीतून खाली फेकली. आम्ही धावत जाऊन उचलून आणली आणि कचऱ्यात टाकली, कारण खाली पोरं खेळतात.

हे आम्ही आधीच सांगितलं, कारण पुढे यंत्राचं कौतुक करणार आहोत. ते ऐकताना ही इंटर्न आणि तिच्या हातातला छोटा आरसा ध्यानात राहू द्या.

आता कवळी कशी बनते ते सांगतो. पहिल्या खेपेला माप घेतात. धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये पाण्यात कालवलेली एक पूड भरतात आणि ती तोंडात दाबून धरतात. ही पूड समुद्रातल्या शेवाळापासून काढलेल्या पदार्थाची असते. दोन-तीन मिनिटांत ती रबरासारखी होते. मग तिच्यात प्लॅस्टर ओतून जबड्याची प्रतिकृती तयार होते. त्या प्रतिकृतीवरून त्याच माणसाच्या मापाचा खास ट्रे बनवतात आणि दुसऱ्या खेपेला पुन्हा बारीक माप घेतात. या वेळी मेणबत्तीसारखी हिरवी कांडी दिव्यावर मऊ करून ट्रेच्या कडेला लावतात. ओठ हलवा, गाल ओढा, जीभ बाहेर काढा, असं करायला सांगतात. बोलताना, चावताना गाल कुठवर येतो ते त्या कडेवर उमटतं. कवळी घट्ट बसणार की बोलता बोलता खाली पडणार, हे बरंचसं इथेच ठरतं.

तिसऱ्या खेपेला मेणाच्या कडा तोंडात बसवून जबडा कसा मिटतो ते नोंदवतात. चौथ्या खेपेला मेणात बसवलेले दात घालून बघतात. हसून दाखवा, पन्नास-साठ मोजा, आरशात पाहा. नापसंत असेल तर याच वेळी बोलायचं असतं. मग ते मेण वितळवून त्या जागी गुलाबी ॲक्रिलिक भरतात, धातूच्या डबीत दाबून गरम पाण्यात शिजवतात, घासून गुळगुळीत करतात. पाचव्या खेपेला कवळी हातात मिळते. आणि त्यानंतर टोचतं तिथे घासून घ्यायला आणखी एक-दोन खेपा.

मावशीला पहिल्याच खेपेला उमासे आले. ती पूड घशाकडे जायला लागली की तिला ओकारी यायची. इंटर्नने तिला पुढे वाकवून बसवलं, नाकाने श्वास घ्यायला सांगितला. तरी दोन मापं वाया गेली, तिसरं जमलं. आमच्यातली एक तिथल्या भिंतीवरचा तक्ता वाचत होती. त्यावर पेनसारखं यंत्र तोंडात धरून माप घेतानाचं चित्र होतं. तिने विचारलं, “डॉक्टर, हे यंत्र तुमच्याकडे नाही का? मावशीची ओकारी तरी वाचली असती.”

मुलगी म्हणाली, “आहे ना. आतल्या खोलीत आहे. एम.डी.एस.चे सीनिअर वापरतात. मी पाहिलंय, पण अजून हातात घेतलेलं नाही.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण आम्हाला ते वाक्य लागलं. आमच्या गटात दोघी शिलाई करतात. मोटारीचं मशीन दुकानात ठेवलेलं पाहणं वेगळं आणि त्यावर स्वतः फॉल-पिको करणं वेगळं, हे त्यांना कुणी सांगायला नको.

ते यंत्र काय आहे ते पुढे आम्ही जवळून पाहिलं. आमच्याच मजल्यावरच्या एका वहिनींच्या दाढेवर टोपी बसवायची होती आणि ते काम एम.डी.एस. करणाऱ्या विद्यार्थ्याकडे आलं. त्याने दाढ घासून तयार केली आणि जाड पेनासारखं यंत्र तोंडात फिरवायला घेतलं. त्याला स्कॅनर म्हणतात. तो दातांची असंख्य चित्रं टिपतो आणि संगणक ती जोडत जातो. पडद्यावर वहिनींचे दात उमटत गेले, जणू कुणी रांगोळी भरत नेते आहे. वहिनी म्हणाल्या, ओकारी नाही, चव नाही, काही नाही. मग त्या चित्रावरच संगणकात टोपीचा आराखडा काढला. तो दुसऱ्या यंत्राला पाठवला आणि त्या यंत्राने झिर्कोनिया नावाच्या कडक पांढऱ्या पदार्थाच्या ठोकळ्यातून टोपी कोरून काढली. ती भट्टीत भाजली की पक्की होते. काही ठिकाणी कोरण्याऐवजी थरावर थर चढवून छापतात, त्याला थ्रीडी प्रिंटिंग म्हणतात. संगणकावर आराखडा काढून संगणकाकडूनच घडवून घ्यायच्या या पद्धतीला डॉक्टर कॅड-कॅम म्हणतात.

ऐकायला सोपं वाटतं. पण त्या विद्यार्थ्याला पहिल्या वेळी ते जमलं नाही. लाळ आली की चित्र बिघडायचं. जीभ मध्ये यायची. हात थोडा घाईने फिरला की संगणक थांबायचा. दाढेची हिरडीजवळची कड नीट दिसत नव्हती. शिक्षकांनी पडद्यावर बोट ठेवून सांगितलं, ही कड पुसट आहे, टोपी इथे सैल बसेल आणि आत कीड लागेल, परत घे. त्याने परत घेतलं. टोपी आली तेव्हा चावताना किंचित उंच लागत होती. मग निळा कागद दातांत धरून कुठे ठसा उमटतो ते बघत त्याने हाताने घासून बरोबर केली. म्हणजे यंत्र आलं तरी कड ओळखणारा डोळा आणि घासणारा हात लागतोच. मात्र पुढच्या महिन्यात तोच विद्यार्थी दुसऱ्या रुग्णाचं स्कॅन करताना दिसला, आणि आता त्याचा हात सराईत झाला होता. सरावाने फरक पडतो तो असा.

मैत्रिणींनो, हे तंत्र काही कालचं नाही. फ्रान्समध्ये फ्रांस्वा द्युरे यांनी हा विचार १९७०च्या दशकातच मांडला होता. स्वित्झर्लंडच्या झुरिक शहरात वेर्नर म्योरमान हे दंतवैद्य आणि मार्को ब्रांदेस्तिनी हे अभियंता यांनी मिळून यंत्र बनवलं आणि १९८५ साली त्यावर तयार केलेलं काम पहिल्यांदा रुग्णाच्या दातात बसवलं. त्याला चाळीस वर्षं झाली. आमच्या प्रभादेवी-दादरच्या रस्त्यांवर आता खासगी दवाखान्यांच्या पाट्यांवर ‘डिजिटल’ हा शब्द दिसतो. आणि तरी पाच वर्षं शिकलेली हुशार मुलगी म्हणते, पाहिलंय पण हातात घेतलेलं नाही. हे असं का?

आम्ही तिथल्या एका शिक्षिकेला विचारलं. त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. पहिलं कारण पैसा. स्कॅनर, कोरणारं यंत्र, भट्टी, संगणकाची प्रणाली, सगळं लाखांत जातं. दुरुस्ती आणि प्रणालीचं शुल्क वेगळं. दुसरं, यंत्र एक आणि मुलं अनेक. बिघडलं तर काय, या भीतीने ते मोठ्या विद्यार्थ्यांच्याच हातात राहतं. तिसरं, बी.डी.एस.च्या मुलांना ठरावीक कवळ्या हाताने बनवून दाखवाव्या लागतात, परीक्षाही त्याच कामाची असते. म्हणून त्यांचा वेळ मेण, प्लॅस्टर आणि दिव्याशी जातो. दंतविद्यार्थ्यांना या नव्या तंत्राची किती ओळख आहे, याच्या पाहण्या आपल्या देशात बऱ्याच ठिकाणी झाल्या आहेत. त्यांचा सूर साधारण सारखाच असतो. मुलांनी ऐकलेलं असतं, वाचलेलं असतं, शिकायची इच्छाही असते. पण स्वतः वापरलेलं फार थोड्यांनी असतं.

आता यात आपलं नुकसान काय ते बघा. मावशी कवळीसाठी चार वेळा गावाहून मुंबईला आली. रुग्णालयाच्या खेपा नऊ झाल्या. प्रत्येक वेळी गाडीभाडं, घरचं कुणीतरी सोबत, त्याची मजुरी बुडालेली. भात लावणीच्या दिवसांत तर तिला येताच आलं नाही. संगणकाच्या पद्धतीने काही कामांत खेपा कमी होतात. माप संगणकातून क्षणात दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेला पाठवता येतं. कवळी हरवली, फुटली, तर साठवलेल्या नोंदीवरून दुसरी काढता येते. प्लॅस्टरची प्रतिकृती फुटते, हरवते, तिला ठेवायला जागा लागते. म्हणजे या यंत्राची खरी गरज मुंबईच्या उंच इमारतीत राहणाऱ्यांपेक्षा लांबून एसटीने येणाऱ्या बाईला जास्त आहे. आणि नेमकं तिच्या तालुक्याला जाणाऱ्या डॉक्टरलाच ते हाताळायला मिळालेलं नसतं.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मावशीसारखा पूर्ण रिकामा जबडा असेल तर स्कॅनरला अडचण येते. दात हे टणक आणि स्थिर असतात, त्यांचं चित्र नीट येतं. हिरडी मऊ आणि ओली, गाल आणि ओठ सतत हलणारे. कवळीची कड कुठे थांबवायची ते त्या हलण्यावरून ठरतं, आणि ते टिपायला हिरवी कांडी आणि शिकलेलं बोट अजून उपयोगी पडतं. त्यामुळे पूर्ण कवळीचं माप बरेच डॉक्टर आजही जुन्या पद्धतीने घेतात, आणि मग हवं तर त्या मापाचं स्कॅन करून पुढचं काम संगणकावर करतात. साठवलेली नोंदही कायमची पुरत नाही, कारण दात गेले की जबड्याचं हाड हळूहळू झिजतं आणि माप बदलतं. शिवाय गालातला पांढरा चट्टा यंत्राने नाही, त्या मुलीने शोधला होता.

म्हणून आमचं म्हणणं असं आहे, की शिकणाऱ्या मुलांना दोन्ही यायला हवं. जुनं हाताने, आणि नवं यंत्रानेही. इंटर्नशिपच्या वर्षात प्रत्येक मुलामुलीच्या हातात एकदा तरी स्कॅनर यावा. खऱ्या रुग्णावर नाही तर निदान प्लॅस्टिकच्या दातांच्या नमुन्यावर. नाहीतर ही मुलं दवाखाना घालतील तेव्हा यंत्र विकायला येणारा माणूस दोन तासांत जे शिकवून जाईल, तेवढंच त्यांना येईल. आणि तो सराव मग आपल्या तोंडावर होईल, तोही पूर्ण पैसे घेऊन आणि तपासायला शिक्षक नसताना.

यात आपण बायका काय करू शकतो? चार गोष्टी सांगतो.

पहिली. रस्त्यावर, बाजारात दात बसवून घेऊ नका. १९४८च्या कायद्यापासून आपल्या देशात दंतवैद्यांची नोंदणी होते. नोंदणी नसलेल्या माणसाने दात काढणं-बसवणं गुन्हा आहे. डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. चिकटवून पक्की केलेली, काढता न येणारी गुलाबी कवळी कुणी देत असेल तर तिथून उठून या. तिच्याखाली अन्न अडकतं आणि चांगले दातही जातात.

दुसरी. शिकणाऱ्या हाताला घाबरू नका, पण प्रश्न विचारा. आज माझ्या तोंडात काय करणार? तपासायला शिक्षक कोण आहेत? एकूण किती खेपा? मी लांबून येते, दोन खेपा एकाच मुक्कामात होतील का? माप पुडीने घेणार की स्कॅनरने, आणि का? माझी नोंद संगणकात राहील का? मेणातले दात दाखवतात तेव्हा घाई करू नका, सोबतच्या बाईलाही दाखवा. चांगला विद्यार्थी अशा प्रश्नांनी चिडत नाही, उलट त्यालाही शिकायला मिळतं. आमच्या मावशीने तर शेवटी त्या इंटर्नला सांगितलं, “बाय, माझ्यावर शीक, पण नीट शीक.”

तिसरी. ‘डिजिटल’ या शब्दाला भुलू नका. पाटीवर डिजिटल लिहिलं म्हणून कवळी चांगली होत नाही. पैसे देण्याआधी पूर्ण खर्च विचारा, त्यात नंतर घासून देणं आणि दुरुस्ती धरली आहे का तेही विचारा. घरात एखादी गोष्ट गहाण ठेवून यंत्राची कवळी करायची काहीच गरज नाही. मन लावून हाताने केलेली कवळी तितकीच कामाची असते.

चौथी. जवळ काय आहे ते माहीत करून घ्या. मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रलला आहे. आमच्या प्रभादेवी स्टेशनवरून धीम्या गाडीने तिसरं स्टेशन. सरकारी दंत महाविद्यालय सीएसएमटीजवळ आहे. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. कराड, लोणी, वर्ध्याजवळ सावंगी इथे खासगी महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. जिल्हा रुग्णालयातल्या दातांच्या विभागात आधी दाखवून घ्या. दंत महाविद्यालयं गावोगाव तपासणी शिबिरंही घेतात. तुमच्या गटाने किंवा ग्रामपंचायतीने पत्र लिहिलं तर मुलं येतात, आणि त्यांनाही गावातली तोंडं पाहायला मिळतात. मिश्री लावणाऱ्या पंचवीस बायकांचे गाल आतून पाहिलेली मुलगी तो चट्टा पुढे कधी चुकवणार नाही.

आणि कवळी मिळाल्यावर काय करायचं, तेही सांगून टाकतो. पहिले काही दिवस मऊ खा, छोटे घास दोन्ही बाजूंनी चावा. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवा म्हणजे हिरडीला आराम मिळतो. गरम पाण्याने धुऊ नका, ती वाकडी होते. मऊ ब्रश आणि साबणाने धुवा, खाली पाण्याचं तसराळं ठेवा म्हणजे हातातून सुटली तरी फुटणार नाही. टोचली तर घरी कानसीने घासू नका. फुटली तर घरच्या गोंदाने चिकटवू नका, तुकडे सांभाळून तसेच घेऊन जा. टोचते म्हणून काढून ठेवली असेल, तर दाखवायला जायच्या आदल्या दिवशी पुन्हा घाला. म्हणजे कुठे लागते ती खूण डॉक्टरला दिसते. हे आम्हाला माहीत नव्हतं, आणि त्यामुळे मावशीची एक खेप फुकट गेली. तोंडातली जखम किंवा चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर वाट पाहू नका.

गटातल्या ज्यांच्या मुली शास्त्र शाखेला आहेत, त्यांच्यासाठी एक सांगणं. दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या, टोप्या बनवणाऱ्यांचा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम असतो, डेंटल मेकॅनिकचा. पूर्वी हे काम मेणाच्या सुरीने चालायचं, आता त्यात संगणकही आला आहे. बारीक हातकामाची आणि संगणकाची, दोन्हीची आवड असलेल्या मुलीला हे काम जमेल. प्रवेशाच्या अटी मात्र नीट तपासून घ्या.

मावशी आता गावी आहे. कवळी बसली, थोडी घासून घ्यावी लागली, पण बसली. मागच्या गणपतीत तिने आम्हाला फोन करून सांगितलं की मोदक तर खाल्लेच, वर भाजलेले काजूही खाल्ले. मिश्री सुटली आहे. चट्टा दाखवायला ती अजून ठरलेल्या महिन्याला येते आणि आमच्याकडेच उतरते.

आणि ती इंटर्न? तिचं वर्ष संपलं. शेवटच्या दिवसांत आम्ही मावशीला तपासणीला घेऊन गेलो, तेव्हा आतल्या खोलीच्या दारातून ती दिसली. प्लॅस्टिकच्या दातांच्या नमुन्यावर स्कॅनर फिरवत होती. शेजारी सीनिअर उभा होता. पडद्यावर चित्र तुटत होतं, ती परत सुरू करत होती. आम्हाला पाहून तिने हात वर केला नाही, कारण हात रिकामा नव्हता. ती आता तिच्या जिल्ह्यात परत जाणार आहे असं म्हणाली होती. तुमच्यापैकी कुणाच्या तरी तालुक्यात ती भेटेल. भेटली तर तिच्यासमोर तोंड उघडायला घाबरू नका.